शेवटच्या पोलवरचं होल्टेज

उपकेंद्रातला काटा 11 केव्ही (11,000 व्होल्ट) दाखवत असतो आणि त्याच वाहिनीच्या शेवटच्या डीपीवर (पंपांसाठी दाब उतरवणाऱ्या रोहित्रावर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर) मोटरला 415 च्या जागी 330 व्होल्ट मिळत असतात. शेतकऱ्याला वाटतं, वरूनच होल्टेज कमी सोडलंय. तसं नसतं. होल्टेज वाटेत, तारेत खर्ची पडतं, आणि ते किती पडणार हे त्या घडीला तारेतून किती करंट वाहतोय यावर ठरतं. सगळे पंप बंद असताना त्याच पोलवर मीटर लावा, होल्टेज ठणठणीत निघेल.

जरा हिशोब करू. खेड्यापाड्यांतल्या 11 केव्ही वाहिन्यांवर 'रॅबिट' नावाची तार बरीच दिसते. (अशा तारांना प्राण्यांची नावं देण्याची रीत ब्रिटिशांची, रॅबिटहून बारीक त्या वीझल आणि स्क्विरल.) तिचा रोध किलोमीटरला साधारण 0.55 ओहम, म्हणजे 20 किलोमीटरला 11 ओहम. तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे येणारा अडथळा आणखी सात-साडेसात ओहमचा. टोकाला 1,000 किलोवॅटचे पंप 0.8 पॉवर फॅक्टरवर (ओढलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) चालू असतील, तर दीड हजार व्होल्ट वाटेतच गळतात. अकराचे साडेनऊ केव्ही उरतात, म्हणजे जवळपास 14 टक्के घट. 1956 च्या भारतीय वीज नियमांनी उच्चदाब वाहिनीला 9 टक्क्यांपर्यंतच घट चालवून घेतली होती. प्रत्यक्षात पंप वाहिनीभर विखुरलेले असल्याने एवढी घट होत नाही. पण डीपीपासून विहिरीपर्यंतच्या लघुदाब (415 व्होल्टच्या) तारेतली घट त्यात मिळवायची असते, आणि ती कित्येकदा जास्त जाचते.

कालव्याच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याची अवस्था अशीच असते, पण एक फरक आहे. कालव्यात टेलवाल्याला पाणी कमी मिळतं आणि गोष्ट तिथेच थांबते. मोटर मात्र आपलं काम सोडत नाही. होल्टेज 20 टक्क्यांनी उतरलं, तर तेवढंच पाणी उपसायला ती साधारण 25 टक्के जास्त करंट ओढते. त्यामुळे वाइंडिंगमधली उष्णता दीडपटीच्या वर जाते. करंट वाढला म्हणून तारेतली घट वाढते, घट वाढली म्हणून करंट आणखी वाढतो. त्यातच मोटर सुरू होतानाचा जोर होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होतो: 80 टक्के होल्टेजला फक्त 64 टक्के. मोटर नुसती घूं घूं करत राहते आणि जळते. स्टार्टरला ऑटोस्विच लावलेला असेल तर विचारायलाच नको. लाईट येताच वाहिनीवरच्या साऱ्या मोटरी एकाच क्षणी सुरू व्हायला बघतात, आणि सुरू होताना प्रत्येक मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट मागते.

मग उपकेंद्रातूनच होल्टेज वाढवून का सोडत नाहीत? सोडतात. मोठ्या रोहित्रांना चालू भारावर टॅप बदलणारी यंत्रणा असते. ती गुंडाळीतले वेढे कमी-जास्त करून दाब राखते. पण उपकेंद्रालगतच्या घरांनाही तोच वाढीव दाब मिळतो, आणि पंप बंद झाल्यावर तिथले बल्ब उडतात. वाहिनीच्या मध्यावर रेग्युलेटर बसवणं हा दुसरा मार्ग. अमेरिकेतल्या लांबलचक ग्रामीण वाहिन्यांवर तो नेहमीचा: 32 पायऱ्या, होल्टेज 10 टक्के वर किंवा खाली. उपाय चांगला, पण प्रवाह तेवढाच वाहत राहतो आणि तार तापतच राहते.

प्रवाहालाच हात घालणारे उपाय मला जास्त पटतात. उच्चदाब वितरण प्रणालीत 11 केव्हीची तार थेट विहिरीजवळ नेतात आणि एक-दोन पंपांपुरतं छोटं रोहित्र बसवतात. डीपीतून निघणाऱ्या 433 व्होल्टऐवजी 11,000 व्होल्टवर तेवढीच वीज नेली की करंट पंचविसाव्या हिश्श्यावर येतो, आणि त्याच तारेतली गळती सहाशे पटींहून जास्त घटते. महाराष्ट्रात ही योजना 2018 मध्ये कृषिपंपांसाठी हाती घेतली गेली. ती खर्चिक आहे, आणि एवढी रोहित्रं पंप बंद असतानाही थोडीथोडी वीज खातच असतात.

कपॅसिटर त्यामानाने फारच स्वस्त. मोटर जो करंट ओढते त्यातला काही भाग फक्त चुंबकीय क्षेत्र उभं करायला लागतो. तो तारेत ये-जा करतो, पाणी उपसत नाही. 5 एचपीच्या मोटरला 2 केव्हीएआरचा (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) कपॅसिटर लावला की यातला बराचसा करंट जागीच भागतो. वरच्या उदाहरणात सगळ्यांनी कपॅसिटर लावले तर दीड हजार व्होल्टची घट अकराशेवर येते. तो स्टार्टरच्या पुढे, मोटरच्या बाजूला जोडावा, म्हणजे मोटरबरोबर तोही बंद होतो. नाहीतर पंप थांबल्यावर होल्टेज उलट वाढवून ठेवतो.

तरीही कपॅसिटर क्वचितच दिसतात. एकट्याने लावला तर त्याच्या मोटरला दोन-चार व्होल्टही जास्त मिळत नाहीत. जो थोडा फायदा होतो तो डीपीवरच्या सगळ्यांत वाटला जातो. त्यातून बिल एचपीवर, नाहीतर माफ; पॉवर फॅक्टर सुधारला म्हणून खिशात काही पडत नाही. हा प्रश्न मला तंत्रज्ञानापेक्षा गावकीचा वाटतो. डीपीवरच्या सगळ्यांनी एकाच हंगामात कपॅसिटर लावले, तरच मीटरचा काटा हललेला दिसेल.

2017 पासून राज्यात शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणारी सौर कृषी वाहिनी योजना आहे. तिच्यातले प्रकल्प उपकेंद्राला जोडले की उपकेंद्राला वीज आणणाऱ्या 33 केव्हीच्या वाहिनीवरचा भार दिवसा हलका होतो. उपकेंद्रापासून शेवटच्या डीपीपर्यंतच्या 11 केव्ही तारेतून मात्र पूर्वीइतकाच करंट जातो.