दोन बुडबुडे, आणि त्यांच्या खाली?

भंडारा-गडचिरोलीकडून १०८ च्या गाडीतून नागपुरात मेडिकलला किंवा मेयोला येणाऱ्या तान्ह्या बाळाच्या चिठ्ठीवर कधीकधी एवढंच लिहिलेलं असतं: हिरवी उलटी. आजी म्हणते, "पित्त झालं असन जी." पित्तच असतं ते. पण तान्ह्या बाळाच्या उलटीत हिरवं दिसलं की आतडं अडलंय असं धरूनच चालायचं.

अडण्याच्या दोन तऱ्हांत घोळ होतो. ड्युओडेनल अट्रेसियात जठरापुढचा आतड्याचा तुकडा (ड्युओडेनम) जन्मतःच बंद असतो. मालरोटेशनमध्ये वाट उघडी असते, बसवणूक चुकलेली असते. गर्भात आतडं २७० अंश फिरून पोटात स्थिरावतं. ते फिरणं अर्धवट राहिलं की आतडं अरुंद देठावर लोंबतं आणि त्याला पीळ बसू शकतो. मग रक्तपुरवठाच तुटतो.

एक्स-रेवर अट्रेसियाचे दोन ठसठशीत काळे बुडबुडे दिसतात, जठराचा आणि ड्युओडेनमचा. खाली हवेचा ठिपकाही नाही. पीळ पडलेल्या बाळातही कधी दोन बुडबुडे दिसतात, पण खाली थोडी हवा असते. नवखा डॉक्टर ती पाहून सुस्कारा सोडतो, आणि घात तिथेच होतो. अट्रेसियाच्या बाळाला सलाईन देऊन, हृदयाची सोनोग्राफी करून (डाउन सिंड्रोमची बाळं यात बरीच, त्यांच्या हृदयातही दोष असू शकतो) दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला घेता येतं. पिळाला तेवढा वेळ नसतो, हिशोब तासांचा. शिवाय पीळ असूनही एक्स-रे अगदी साधा दिसू शकतो.

म्हणून पुढे डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. आतड्याची मुख्य शीर एरवी धमनीच्या उजवीकडे असते. पीळ पडला की ती धमनीभोवती भोवऱ्यासारखी गुंडाळलेली दिसते. भोवरा दिसला नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये. खरा निवाडा एक्स-रेवर दिसणारं औषध तोंडावाटे देऊन काढलेल्या फोटोंचा: ड्युओडेनम कणा ओलांडून डावीकडे वर चढायला हवं. (फोटोत डावं-उजवं उलटं असतं, थकल्या डोळ्यांना हे हमखास चकवतं.) मालरोटेशनमध्ये ते उजवीकडेच राहतं, पिळात स्प्रिंगसारखं वळत उतरतं.

फोटोआधी मी आईला एकच विचारतो: उलटी कधीपासून? अट्रेसियाचं बाळ बहुधा पहिल्याच दिवशी ओकतं. पिळाचं बाळ कधी आठवडाभर दूध पितं, पिवळी शी करतं, आणि एका रात्री हिरवं ओकतं. पोट फुगलेलं आणि बाळ निपचित असेल तर फोटोंत वेळ घालवत नाहीत, थेट ऑपरेशनला नेतात.