फुलाचा रंग पाहून जीएम ओळखता येतं का? (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

'फोटो पाठवतो, हे रोप जीएम (म्हणजे जनुकांत माणसाने बदल केलेलं) आहे का ते सांगा', अशी विचारणा आमच्या प्रयोगशाळेकडे सतत होते. फोटोवरून ते सांगता येत नाही. पण रंग बघून शंका येणं अगदी रास्त आहे, कारण या विषयातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण अशाच एका शंकेतून बाहेर आलं.

२०१५ साली हेलसिंकीत रेल्वे स्थानकाजवळच्या कुंड्यांमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ तेमू तेरी यांना केशरी पिटुनिया दिसल्या. पिटुनियात विटकरी-केशरी रंगाचं पेलार्गोनिडिन हे द्रव्य सहसा तयार होत नाही. त्यासाठी लागणारा कच्चा माल तिचं स्वतःचं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) नीट वापरू शकत नाही. मक्याचं एन्झाइम मात्र तो वापरतं. म्हणूनच १९८७ मध्ये कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी मक्याचं जनुक पिटुनियात घालून हा रंग मिळवला होता. तेरींना तो प्रयोग आठवला, त्यांनी तपासणी केली आणि मक्याचं जनुक सापडलं. २०१७ मध्ये फिनलंडने ही रोपं बाजारातून काढायला सांगितली. मग इतर देशांतही तसेच वाण निघाले. कित्येक उत्पादक ती रोपं अजाणता विकत होते. त्यांच्या बाबतीत आम्हाला खरंच वाईट वाटतं, कारण वाणाची वंशावळ कागदावर नसेल तर हे कुणावरही येऊ शकतं.

म्हणून केशरी दिसलं की जीएम समजायचं का? नाही. पिटुनियासारखीच दिसणारी, लहान फुलांची कॅलिब्राकोआ जीएम नसतानाही छान केशरी असते. गडद निळं ऑर्किड बहुधा रंग पाजलेलं असतं. त्याच झाडाला पुढची फुलं पांढरी आली की उलगडा होतो. शेवंतीचे कितीतरी रंग किरणोत्साराने घडवलेल्या उत्परिवर्तनातून आले आहेत, त्यांत बाहेरचं जनुक नसतं. उलट १९९६ पासून विकला जाणारा जांभळट कार्नेशन किंवा २०२४ मध्ये अमेरिकेत आलेली अंधारात उजळणारी पिटुनिया उघडपणे जीएम म्हणूनच विकली जाते.

आम्ही नेमकं काय तपासतो

पानातून डीएनए वेगळा काढतो आणि पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या तंत्राने) त्यातला ठरावीक तुकडा शोधतो. तुकडा असेल तर प्रत्येक फेरीला त्याच्या प्रती जवळपास दुप्पट होतात; हिशेबाने ३५ फेऱ्यांत एकाच्या ३,४०० कोटींहून जास्त. आधी त्या वनस्पतीचं स्वतःचं एक जनुक शोधतो. तेच उमटलं नाही तर डीएनए खराब आहे, आणि अशा नमुन्यावर आम्ही 'आढळलं नाही' असं कधीच लिहीत नाही.

पहिल्या चाळणीत जीएम वनस्पतींत वारंवार वापरले गेलेले तुकडे येतात: ३५-एस प्रमोटर (जनुक चालू करणारा तुकडा), नॉस टर्मिनेटर (जनुकाचा शेवट दाखवणारा तुकडा), कॅनामायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक. इथे घाई केली की घोळ होतो. ३५-एस हा मुळात फ्लॉवर या भाजीवर पडणाऱ्या मोझॅइक विषाणूचा तुकडा आहे आणि नॉस मातीतल्या ॲग्रोबॅक्टेरियम जिवाणूचा. मोहरीच्या कुळातल्या स्टॉक या फुलझाडाच्या एका नमुन्यात आम्हाला ३५-एस ठळक मिळाला, बाकी काहीच नाही. विषाणूचं दुसरं जनुक शोधलं, तेही सापडलं. पानांवर फिकट ठिपके होतेच. रोप आजारी होतं, त्यात बदल कुणी केलेला नव्हता. तेव्हापासून या कुळातल्या फुलझाडांची विषाणू तपासणी आम्ही सोबतच करतो.

चाळणीत काही मिळालं, की दोन तुकड्यांमधला सांधा शोधतो. पिटुनियात प्रमोटरला लागूनच मक्याचं जनुक दिसलं, तर ती जोडणी माणसानेच केलेली. त्यानंतरच अहवालात 'जीएम' हा शब्द येतो.

'आढळलं नाही' याचा अर्थ मात्र एवढाच, की आम्ही शोधलेले तुकडे त्या पानात नव्हते. जनुक-संपादनाने डीएनएमधलं एखाद-दुसरं अक्षर बदललं असेल आणि मूळ वाणाची माहिती नसेल, तर या तपासणीतून ते कळणार नाही. तसा दाखला आमच्याकडे मागू नका, आम्ही देणार नाही.

नमुना पाठवताना

पाकळ्या नकोत, त्यांतली रंगद्रव्यं पीसीआरमध्ये अडथळा आणतात. शेंड्याची दोन-तीन कोवळी पानं घ्या. दर रोपानंतर कात्री स्पिरिटने पुसा, कारण आधीच्या पानाचा रस लागला तरी तो निकालात उमटू शकतो. पानं टिपकागदात गुंडाळून कागदी पाकिटात घाला, ओली पानं प्लास्टिकमध्ये कुजतात. पाकिटावर पेन्सिलने लिहा, शाई फुटते. रोपासोबत आलेली वाणाची चिठ्ठी असेल तर तिचा फोटो जरूर जोडा.

निकाल जीएम आला तरी घाबरून रोप उपटू नका. केशरी पिटुनियांपासून माणसांना किंवा पर्यावरणाला धोका नाही, असं फिनलंडच्या यंत्रणेनेही सांगितलं होतं. अडचण परवानगीची होती. अमेरिकेने २०२१ मध्ये त्यांच्यावरचे निर्बंध उठवले, युरोपीय संघात मात्र परवानगीशिवाय विक्री चालत नाही. तुम्ही रोपं विकत असाल, तर त्या वाणाची छाट घेणं आणि विक्री तेवढी थांबवा आणि आम्हाला फोन करा. प्रत्येक पानाचा अर्धा भाग आम्ही राखून ठेवतो, त्यावरून फेरतपासणी करता येते.