एक टीबीची हार्ड डिस्क ९३१ जीबीच का दिसते?

नवी एक टीबीची हार्ड डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडली की दिसतात ९३१ जीबी. उरलेली जागा फॉरमॅटिंगमध्ये जाते, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. कोणी म्हणते, कंपनीने गंडवले. दोन्ही चूक. जागा पुरेपूर असते.

फरक मोजण्यात आहे. डिस्क बनवणारे दशमान पद्धतीने मोजतात, म्हणजे एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, त्यामुळे तिथला एक जीबी १,०७,३७,४१,८२४ बाइटचा होतो. भागाकार करून पाहा, ९३१.३ येतात. खात्री हवी असेल तर ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. जीबीच्या शेजारीच बाइटचा पूर्ण आकडा असतो आणि तो लाख कोटीच्या घरात भरतो. फॉरमॅटिंगलाही थोडी जागा लागते, पण या तफावतीपुढे ती किरकोळ.

१९९८ मध्ये आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १०२४ च्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावे दिली. विंडोज मात्र अजूनही गिबीबाइट मोजून पुढे जीबी लिहिते. माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे. मॅकवर २००९ पासून दशमान हिशेब आहे, म्हणून तीच डिस्क तिथे एक टीबीच दिसते.