कोपऱ्यातली खिडकी म्हणजे व्हायरस नव्हे

"अरे, कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय. तोच सांगतोय तसं." रविवारी सकाळी कोथरूडहून मावशीचा फोन. सगळं पुसून फॉरमॅट मारायचा सल्ला सोसायटीतून आधीच मिळाला होता. पुण्यात सल्ल्याला कधी तोटा नसतो.

मालवेअर, म्हणजे व्हायरससारखं घातक सॉफ्टवेअर, काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, ते सोडू. अख्खी स्क्रीन अडवून भोंगा वाजवणारं आणि 'या नंबरवर फोन करा' म्हणणारं पानही सोडू. ते नुसतं वेबपेज असतं. एस्केप दाबून धरा, नाहीतर आल्ट-एफ-फोर. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.

खरा घोळ होतो तो उजवीकडे खालच्या कोपऱ्यात. डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा, खरा इशारा तिथेच येतो आणि वेबसाइटची नोटिफिकेशनही तिथेच, तशाच चौकोनात. कारण दोन्ही दाखवतं विंडोजच. म्हणून चित्र बघू नका, नाव वाचा. खऱ्यावर 'विंडोज सिक्युरिटी' असं लिहिलेलं असतं. मावशीकडच्या चौकोनात लाल ढाल होती, पाच व्हायरस सापडल्याची बोंब होती, आणि बारीक अक्षरांत 'गूगल क्रोम' व एका अगम्य साइटचा पत्ता.

ही साइट घुसलेली नाही, तिला आपणच दार उघडलंय. कधीतरी एक पीडीएफ उतरवताना 'रोबो नसाल तर अलाउ दाबा' असं आलं आणि मावशीने इमानदारीत दाबलं. झाली नोटिफिकेशन दाखवायची परवानगी. म्हणूनच स्कॅनमध्ये काही सापडत नाही, सापडण्यासारखं काही नसतंच! पण लोक त्यानेच जास्त घाबरतात आणि दुसरा अँटिव्हायरस विकत घेतात. मला याचाच सगळ्यात राग येतो. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर फुकट आहे, घरी तेवढा पुरतो.

उपाय दोन मिनिटांचा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. मावशीच्या यादीत अकरा साइट निघाल्या. सगळ्या उडवल्या.

मात्र त्या चौकोनावर क्लिक करून एखादी फाइल उतरवून चालवली असेल, किंवा कुणाच्या सांगण्यावरून एनीडेस्क (दुसऱ्याला लांबून आपला कॉम्प्युटर चालवू देणारं ॲप) टाकलं असेल, तर प्रकरण वेगळं. आधी इंटरनेट तोडा, डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन (विंडोज सुरू होण्याआधी चालतो तो) लावा, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

मावशीने ना कुठली फाइल चालवली होती, ना एनीडेस्क टाकलं होतं. फक्त नातवाचे फोटो पेनड्राइव्हवर घेऊन फॉरमॅटवाल्याची वाट बघत बसली होती.