उघाडी किती वेळ उघडी राहते?

समुद्राची पातळी वाढतेय म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून उसळणाऱ्या लाटा येतात. त्या मानानं आकडे किरकोळ वाटतात. १९०१ ते २०१८ या काळात जगभरातल्या समुद्रांची सरासरी पातळी साधारण २० सेंटीमीटरनं वाढली. म्हणजे जेमतेम वीतभर. एवढ्यानं कोणाचं काय बुडणार, हे समजून घ्यायचं तर पेण-अलिबागच्या खारेपाटात जायला हवं.

खारेपाटातली भातशेती उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीपेक्षा खालच्या पातळीवर आहे. खाडीच्या बाजूनं मातीचा बांध घालून ती राखलेली असते. पण पावसाळ्यात शेतात साचणारं पाणी बाहेर तर जायलाच हवं. त्यासाठी बांधात उघाडी ठेवतात: वरून टांगलेली, फक्त खाडीकडे उघडणारी झडप. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्यानं ती उघडते. भरती चढली की खाडीचं पाणीच तिला चौकटीवर दाबून बंद करतं. वीज लागत नाही, की दर भरतीला कोणी येऊन बंद करावी लागत नाही.

आता त्या वीतभर पाण्याचा हिशेब मांडू. उधाणाच्या दिवसांत इथे भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे ४ मीटरचा फरक पडतो. मधल्या टप्प्यात पाणी तासाला जवळजवळ १ मीटरनं चढतं किंवा उतरतं, म्हणजे २० सेंटीमीटरला १२ मिनिटं. समुद्र तेवढा वर आला, तर मधल्या पातळीवरची उघाडी १२ मिनिटं उशिरा उघडणार आणि १२ मिनिटं आधी बंद होणार. दिवसाला दोन भरत्या, म्हणजे निचऱ्याचा जवळजवळ पाऊण तास गेला. उघाडी आणखी खाली असेल तर नुकसान जास्त, कारण ओहोटीच्या तळाशी पाणी संथपणे सरकतं. बांधावरून एक थेंबही आत आला नाही, तरी शेत तुंबतं.

मुंबईचं दुखणं नेमकं हेच आहे, फक्त तिथे भाताऐवजी घरं, दुकानं आणि रेल्वेचे रूळ आहेत. बेटांमधल्या खाड्या बुजवून उभं राहिलेलं हे शहर. महापालिकेच्या जुन्या नोंदींनुसार पावसाचं पाणी समुद्रात सोडणारी १८६ मुखं आहेत. त्यांतली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीखाली, तर १३५ त्या पातळीच्या वर पण भरतीच्या खाली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यात भरती आली, तेव्हा पाण्याला वाटच उरली नव्हती. पुढे हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध इथे पंपिंग स्टेशनं झाली. दादर-परळच्या सखल हिंदमाता भागासाठी जमिनीखाली टाक्या बांधल्या: भरती ओसरेपर्यंत पाणी तिथे थोपवून धरायचं. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. पण समुद्र वर येत राहिला तर थोपवून धरण्याचा काळही लांबत जाणार, आणि टाकीचा आकार तर एकदाच ठरतो.

समुद्र वर येतोय तो दोन मुख्य कारणांनी. हवामानबदलाची ९० टक्क्यांहून अधिक उष्णता महासागर शोषून घेतात आणि तापलेलं पाणी फुगतं. शिवाय जमिनीवरचा बर्फ वितळून त्यात भर पडते. १९७१ पर्यंत वर्षाला सरासरी १.३ मिलिमीटर असलेला वेग २००६ ते २०१८ दरम्यान ३.७ वर गेला. हरितगृह वायूंचं उत्सर्जन फारसं आवरलं नाही तर २१०० पर्यंत वाढ १ मीटरच्या घरात जाऊ शकते.

पाणी तुंबलेलं तरी दिसतं. जमिनीखालून येणारं खारं पाणी दिसतही नाही. समुद्राबरोबर किनाऱ्यालगतच्या भूजलाची पातळीही वर सरकते, विहिरी मचूळ होतात, आणि इमारतींच्या पायाच्या काँक्रीटमध्ये मिठातलं क्लोराइड झिरपून सळ्यांना गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतूनच तडकतं. खाडीलगतची इमारत विकत घेताना समुद्र किती छान दिसतो हे सगळेच बघतात. तळघर कोणत्या पातळीवर आहे हे विचारणारे कमी.

पुन्हा खारेपाटात येऊ, कारण जमीन जाते म्हणजे काय होतं ते तिथे आजच बघायला मिळतं. खेकड्यांच्या बिळांनी पोखरलेल्या बांधाला उधाणात खांड पडते. खारं पाणी शेतात शिरतं आणि वेळेवर खांड बुजवली नाही तर दर भरतीला येत राहतं. भात गेला की त्या चिखलात तिवरं, म्हणजे कांदळवनातली झाडं, रुजतात. कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाची बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. लाटांचा जोर तीच झाडं मोडतात. पण सातबाऱ्यावर शेत आणि जागेवर जंगल, अशा कात्रीत शेतकरी सापडतो. ना पेरता येत, ना विकता येत. दोष तिवरांचा नाही, न बुजवलेल्या खांडीचा आहे. अशा जमिनींची भरपाई शेतकऱ्यांना मिळायलाच हवी. आणि उरलेल्या बांधांची दुरुस्ती करताना बांधाची उंची आणि उघाडीचा आकार येत्या ५० वर्षांच्या भरतीवर ठरवायला हवेत, गेल्या ५० वर्षांच्या नव्हे.