घाम गळतो, पण वाळतो का?

परदेशात एक लढत खेळून एखाद्या बॉक्सरने कोट्यवधी डॉलर कमावल्याची बातमी आली, की मिनिटाला किती पडले याचा हिशेब सुरू होतो. हल्ली ही बातमी बहुधा रियाधची असते. १९७४-७५ साली ती किन्शासा आणि मनिलाची होती. मला त्या मिनिटांचा वेगळाच हिशेब खुणावतो: उष्णतेचा.

किन्शासा ही झाईरची, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची, राजधानी. तिथले हुकूमशहा मोबुटू यांना देशाचं नाव जगात गाजवायचं होतं, म्हणून मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांना प्रत्येकी ५० लाख डॉलर मिळाले. पुढच्या वर्षी मार्शल लॉखालच्या फिलिपिन्समध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी अली विरुद्ध जो फ्रेझर ही लढत भरवली. अलीला हमी ४५ लाखांची, फ्रेझरला २० लाखांची. पैसा यजमानाचा, घड्याळ मात्र अमेरिकी प्रेक्षकाचं. किन्शासात ३० ऑक्टोबर १९७४ ला घंटा वाजली ती पहाटे चारला, कारण तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे दहा वाजत होते. मनिलात १ ऑक्टोबर १९७५ ला सकाळी पावणेअकराला. वर अरानेता कॉलिझियमचं पत्र्याचं छत, आत दिव्यांचा झोत आणि पंचवीसेक हजार माणसं. शांत बसलेला माणूससुद्धा साधारण १०० वॉट उष्णता सोडतो. म्हणजे नुसती गर्दीच अडीच मेगावॉटची भट्टी, आणि प्रत्येक श्वासातून हवेत वाफ. तिथलं वातानुकूलन त्यापुढे टिकलं नाही.

आता रिंगणातला माणूस घेऊ. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेपैकी फार तर पाव हिस्सा कामाला लावतात, उरलेल्याची उष्णता होते. शंभर किलोचा बॉक्सर जोरात लढताना सेकंदाला १००० जूल, म्हणजे १००० वॉट, उष्णता तयार करतो असं धरू. शरीराचं एक किलो वस्तुमान एक अंशाने तापायला सुमारे ३.५ किलोजूल लागतात. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर दर सहा मिनिटांना एक अंश वाढेल. चोवीस मिनिटांत, म्हणजे मधली विश्रांती सोडून आठ राउंडांत, ३७ चे ४१ अंश. उष्माघाताचं दार तिथेच असतं. मनिलाची लढत चौदा राउंड चालली.

वाचवतो तो घाम. एक ग्रॅम घामाची वाफ होताना शरीरातून जवळपास २.४ किलोजूल उष्णता जाते. १००० वॉटसाठी मिनिटाला २५ ग्रॅम घाम पुरे, तासाला दीड लिटर. एवढा घाम सहज येतो. गोम अशी, की थंडावा घाम येण्याने मिळत नाही, घाम वाळण्याने मिळतो. हनुवटीवरून टपकलेला थेंब पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता जवळजवळ काहीच नेत नाही.

आणि वाळण्याचा वेग ठरतो त्वचेवरचा बाष्पदाब (वाफेचा दाब) आणि हवेतला बाष्पदाब यांच्या फरकावर. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेवर तो ५.६ किलोपास्कल असतो. हवा ३५ अंशांची आणि ८० टक्के दमट असेल तर तिचा ४.५, फरक उरला १.१. हवा ४२ अंशांची पण १५ टक्केच दमट असेल तर तिचा १.२, फरक ४.४, म्हणजे चौपट. अशी हवा स्वतः अंग तापवते हे खरं, पण घामाला वाट मोकळी असते. नागपूरच्या मे महिन्यात माठ गारेगार पाणी देतो आणि कोकणात नुसता ओला राहतो, त्यातलाच हा प्रकार. जिममध्ये प्लास्टिकचा सूट घालून 'चरबी वितळवणारे' नेमका हाच फरक शून्यावर आणतात. जातं ते पाणी. चरबी जागच्या जागी.

पाणी गेलं की रक्तातला द्रवभाग घटतो. तेच रक्त स्नायूंनाही हवं आणि उष्णता बाहेर टाकायला त्वचेलाही. हृदय धावतं, दोघांनाही कमीच पडतं. मनिलात चौदाव्या राउंडनंतर फ्रेझरचा प्रशिक्षक एडी फच याने त्याला उठू दिलं नाही. दोन्ही डोळ्यांनी त्याला जवळपास दिसत नव्हतं. जिंकलेला अली रिंगणातच कोसळला. मरणाच्या एवढं जवळ आपण कधी गेलो नव्हतो, असं तो नंतर म्हणाला.

किन्शासात फोरमनवर कोणीतरी मंत्रतंत्र केल्याच्या अफवा होत्या, आणि पाण्याला औषधाची चव होती असं फोरमन स्वतः पुढे सांगत असे. मला यात जादूटोणा लागत नाही. अली दोरांना टेकून राहिला, फोरमन पूर्ण ताकदीने ठोसे मारत राहिला. त्या दमट पहाटे कोणाची भट्टी जास्त पेटली असेल? आठव्या राउंडला फोरमन आडवा झाला.

घरच्याला फायदा, पाहुण्याला तोटा असंही सरसकट नाही. मार्च २०२१ मध्ये रशियाचा अर्तिश लोप्सान पणजीत, मांडवीतल्या जहाजावर येऊन विजेंदर सिंगला पाचव्या राउंडमध्ये हरवून गेला. विजेंदर तरी हरियाणातल्या भिवानीचा; गोव्याचा दमटपणा त्याच्याही अंगवळणी नव्हता.

शरीर सरावतं मात्र. दहा ते चौदा दिवस रोज उष्म्यात सराव केला की रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. सरावात फोरमनच्या डोळ्यावर जखम झाली आणि लढत पाच आठवडे पुढे गेली, त्यामुळे किन्शासात दोघांनाही हा वेळ भरपूर मिळाला. लाखो डॉलर मिळवणाऱ्याला महिनाभर आधी छावणी टाकणं परवडतंच. त्याच कार्यक्रमात आधीच्या छोट्या लढती खेळणाऱ्यांचं तसं नसतं. त्यांच्या मानधनातून प्रशिक्षकाचा आणि मॅनेजरचा वाटा जातो, चार दिवस आधीचं तिकीट मिळतं, विमानातली कोरडी हवा आणखी पाणी ओढते, आणि वजनगटात बसण्यासाठी उरलेलं पाणी ते स्वतःच घामावाटे काढतात.