आधी जागा, मग मडगार्ड : टुरिंग सायकलच्या साजाची पार्श्वभूमी

गिअरची नवी सायकल घेतली की मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, दिवा, घंटी यांचे पैसे सहसा वेगळे मोजावे लागतात. काळबादेवीच्या सायकल बाजारातून पूर्वी जी काळी सायकल बाहेर पडायची, तिचे मडगार्ड अंगचेच असायचे. कॅरिअर, स्टँड, डायनॅमो दुकानदार बसवून द्यायचा. पण हे सगळं तिच्यावर चढणारच, हे गृहीत धरूनच तिचा सांगाडा घडवलेला असायचा. टुरिंग, म्हणजे लांबच्या प्रवासाची सायकल सजवायला निघालेल्याने हा फरक आधी समजून घ्यावा, असं मला कळकळीनं वाटतं.

ती काळी सायकल मूळची इंग्लंडची. १८८८ मध्ये डनलॉपने बेलफास्टला हवेचा टायर केला. पुढे नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमच्या बीएसए आणि हर्क्युलिस यांनी रोज कामावर जाणाऱ्या माणसासाठी जी सायकल पक्की केली, तीच बोटीने मुंबईत उतरली. अठ्ठावीस इंची चाकं, दीड इंची टायर, रॉडचे ब्रेक. हे ब्रेक रिमला आतल्या बाजूने, वर ओढून धरतात. टायरभोवती ऐसपैस जागा मोकळी असल्याने रुंद पत्र्याचा मडगार्ड सहज मावायचा. मागच्या मडगार्डचं पांढरं शेपूटही तिकडचंच. रात्री मागून येणाऱ्या मोटारवाल्याला सायकल दिसावी, म्हणून १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये तसा नियम झाला. नियम तिथला, पण पांढरा पट्टा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

मग सायकली इथेच होऊ लागल्या. वरळीला हिंद सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय, पुढे सोनीपतची अ‍ॅटलस आणि लुधियानाची हीरो. हिंद आणि सेन-रॅलेचं १९८० मध्ये राष्ट्रीयीकरण झालं. आराखडा मात्र फारसा बदलला नाही, आणि मुंबईने त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. मावळ, मुळशी, खेड, जुन्नरहून आलेल्या डबेवाल्यांनी हँडलला आणि कॅरिअरला डबे लटकवले. पाववाल्याने कॅरिअरवर भली मोठी पेटी बांधली. धारवाला तर सायकल स्टँडवर चढवतो, पायडल मारतो, आणि पुढे बसवलेला सहाणेचा दगड फिरू लागतो. स्टँड भक्कम नसता तर त्याचा धंदाच उभा राहिला नसता. ज्या वस्तूंना आज आपण साज म्हणतो, त्यांच्यावर या शहरात लोकांची पोटं भरली.

लांबचा प्रवासही मुंबईला नवा नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण इथून सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर कापून मार्च १९२८ मध्ये परतले. त्यांचं नाव आपल्या शाळांतून ऐकू येत नाही, याचं फार वाईट वाटतं.

टुरिंग सायकलला देखणेपण दिलं ते फ्रान्सने. 'व्हेलोसिओ' या नावाने लिहिणाऱ्या पॉल द व्हिव्हीने सेंट एतिएनहून गिअर बदलण्याचा आणि निवांत दूरवर भटकण्याचा पुरस्कार केला. त्याच काळात शर्यतवाले गिअरला नाकं मुरडत होते. टूर द फ्रान्स या शर्यतीने डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवून गिअर बदलणारा भाग, वापरू दिला तो थेट १९३७ मध्ये. १९३० च्या दशकात तिथे सायकलींच्या तांत्रिक चाचण्या होत. मडगार्ड, दिवे, सामान यांसह सायकल हलकी हवी, आणि वाटेत काही तुटलं-सुटलं की गुण कापले जायचे. रने हर्स, अलेक्स सिंगर यांच्यासारखे कारागीर यातूनच नावारूपाला आले. ते चाक, मडगार्ड, कॅरिअर आणि दिवा यांचा एकत्र विचार करून सांगाडा बांधायचे. अ‍ॅल्युमिनियमचे हलके मडगार्ड तिथे रुळले. जपानच्या होन्जो कंपनीने ती परंपरा आजही राखली आहे.

आपल्याकडे मग 'रेंजर'चे दिवस आले. जाड टायर, सरळ हँडल, आणि मडगार्डच्या नावाने प्लॅस्टिकची आखूड पट्टी. त्यामागून शर्यतीच्या धाटणीच्या सायकली आल्या. त्यांत ब्रेक टायरला अगदी लगटून, आणि आसाजवळ स्क्रू बसवायला भोकंही नाहीत. अशा सायकलला कितीही महागडा मडगार्ड आणा, तो नीट बसत नाही.

आज मुंबईत दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांत पुरी करणारे आहेत. भाऊच्या धक्क्यावरून सायकल लाँचमध्ये चढवून रेवसला उतरणारे आणि पुढे कोकण किनाऱ्याने जाणारेही आहेत. पावसाळ्यात तिकडची तांबडी माती चेनमध्ये शिरली की किलोमीटरभरात करकर सुरू होते. म्हणून खरेदीआधी टायर आणि सांगाडा यांच्यातलं अंतर बघावं, आसाजवळची भोकं बघावीत. मडगार्ड आणि टायर यांत साधारण एक सेंटिमीटर जागा सगळीकडे सारखी ठेवावी. कमी-जास्त झाली तर खडा किंवा काटकी अडकते, आणि पुढच्या चाकात अडकली तर माणूस तोंडावर आपटतो. पुढच्या मडगार्डचं रबर जमिनीच्या जितकं जवळ जाईल, तितके बूट आणि चेन कोरडी राहतात. आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. इथल्या खाऱ्या हवेत साधे स्क्रू लवकर गंजतात.